आधी हात कोणी उगारला?

प्रश्न असा आहे: "कोणावरही आधी बळ न वापरता सरकार चालू शकतं का? चालत नसेल, तर कुठल्याही सरकारला नैतिक आधार तो काय?" विचारणारा मुलगा ब्रह्मपुरीकडचा, नागपूरला शिकतो. त्याचा रोख करावर आहे, नावं सगळी परदेशी विचारवंतांची घेतली आहेत. शेवटी, मी स्वतः कर भरतो का हे विचारून त्याने एक ओळ जोडली आहे: "काका, तुम्ही आयुष्यभर वसुली केली, म्हणून तुम्हालाच विचारून राह्यलो."

बरोबर विचारलंस. चंद्रपूर जिल्ह्यात एकतीस वर्षं ग्रामसेवक होतो. सरकार म्हणजे काय हे पुस्तकात वाचायच्या आधी मी पावतीपुस्तकात पाहिलं. त्यामुळे उत्तरही तिथूनच येणार.

थोडक्यात सांगायचं तर असं सरकार चालू शकतं, मी ते चालताना पाहिलं आहे. पण ते लहान असतं, फार सावकाश चालतं, आणि त्याच्या शिवेवर दुसऱ्याच कोणाचा तरी दंडुका उभा असतो. तू करावर अडला आहेस. माझ्या मते करापेक्षा मोठी अडचण दुसरीकडे आहे. तिथे पोचायला थोडा वेळ लागेल.

१९९४ च्या मार्चमधली गोष्ट. एका गावात एका माणसाकडे तीन वर्षांची घरपट्टी-पाणीपट्टी थकलेली, ३४० रुपये. ग्रामपंचायत कायद्याचं कलम १२९ मला पाठ होतं: आधी मागणीचं बिल, मग नोटीस, मग जप्ती. कोतवाल आणि चपराशी सोबत घेऊन गेलो. घरात नेण्यासारखं काही नव्हतंच, म्हणून भिंतीला टेकलेली सायकल उचलली. तो ओसरीवर बसून होता. आरडाओरडा नाही, काही नाही. एवढंच म्हणाला, "साहेब, मी कोनाचं का नेलं? मंग माही सायकल काहून नेता?"

तुझ्या प्रश्नातलं तत्त्वज्ञान या दोन वाक्यांत सगळं आलं. त्याने कोणाला हात लावला नव्हता, चोरी केली नव्हती. पहिला हात आम्ही घातला. मी म्हणालो, "नळाचे पैसे." तो म्हणाला, "नळ कुठं हाय?" तो राहायचा त्या टोलीवर, म्हणजे गावाबाहेरच्या वस्तीवर, पाइपलाइन गेली होती, पण टाकीचं पाणी तिथवर चढत नव्हतं. सायकल मात्र मी नेलीच. नियम नियमच होता, आणि वरून वसुलीची टक्केवारी मागणारे होते.

लिलावाची दवंडी दिली. ठरल्या दिवशी चावडीवर चाळीसेक माणसं जमली, बोली एकानेही लावली नाही. शेजाऱ्याच्या सायकलवर गावात कोण बोली लावतो? दुसऱ्यांदा लिलाव ठेवला, तेव्हाही तेच. सायकल पंचायतीच्या खोलीत पावसाळाभर गंजली. पोळ्याच्या आदल्या रात्री सरपंचाने ती गुपचूप ढकलत नेऊन त्याच्या भिंतीला लावून दिली. ३४० रुपये माझ्या नोंदवहीत पुढची कित्येक वर्षं "येणे बाकी" दिसत राहिले.

आता तुझ्या शब्दाकडे येतो. प्रश्नातला सगळा भार "आधी" या शब्दावर आहे. बळाच्या उत्तरात बळ वापरलं तर चालतं, आपण होऊन वापरायचं नाही, हा तुझ्या प्रश्नामागच्या विचारसरणीचा पाया. ऐकायला एकदम सरळ वाटतं. मी मात्र धुऱ्याचे, म्हणजे शेताच्या बांधाचे, वाद मिटवण्यात निम्मं आयुष्य घालवलं, त्यामुळे मला ते सरळ वाटत नाही.

धुरा कोरणं म्हणजे काय ते तुला माहीत असेल. दरवर्षी नांगरताना शेजाऱ्याच्या बाजूने वीतभर माती ओढायची. दहा वर्षांत धुरा पाच हात सरकतो. या दहा वर्षांत कोणी कोणाला शिवीसुद्धा दिलेली नसते. मग एके दिवशी शेजारी तुतारी, म्हणजे बैल हाकायची काठी, घेऊन येतो आणि डोकं फोडतो. तंटामुक्त समितीत दोघेही छातीवर हात ठेवून सांगतात, "आधी त्यानं केलं." खरं कोणाचं? ते कळायला मोजणी लागते. मोजणी करतो भूमी अभिलेखचा माणूस, नकाशा सरकारी, सात-बारा सरकारी, फेरफाराची नोंद तलाठ्याची. म्हणजे आधी बळ कोणी वापरलं हे ठरवायलाच सरकार लागलं. जमीन कोणाची हे पक्कं झाल्याशिवाय घुसखोर कोण ते सांगता येत नाही, आणि जमीन कोणाची हे कोणीतरी ठरवून, लिहून, राखून ठेवलेलं असतं.

ते लिहिणाऱ्यांचे हात तरी स्वच्छ होते का? आपल्या भागात मालगुजारी होती, म्हणजे गावाचा सारा वसूल करून सरकारात भरणाऱ्या जमीनदारांची पद्धत. १९५१ मध्ये ती गेली, गावाचे तलाव सरकारजमा झाले, म्हणून आजही आपण त्यांना मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव म्हणतो. त्याआधी इंग्रजांनी मालगुजारांना मालक केलं होतं. जंगलाचं तर बोलायलाच नको. १८७८ आणि १९२७ च्या वन कायद्यांनी एका सहीनिशी जंगल सरकारी ठरलं आणि आजोबाच्या काळापासून बांबू तोडणारा गोंड माणूस रातोरात चोर झाला. त्याने कुऱ्हाड उचलली की ते "आधी बळ", आणि गार्डाने त्याला पकडलं की ते "प्रतिकार". घड्याळ कुठून सुरू करायचं हे ज्याच्या हातात, तो कायम निर्दोष.

पुस्तकवाल्यांनी यावर काय म्हटलं, ते पटकन उरकतो. इंग्रज तत्त्वज्ञ लॉक म्हणाला, राजाच्या रस्त्यावरून चाललास म्हणजे तू मूक संमती दिलीस. १७४८ मध्ये स्कॉटलंडच्या ह्यूमने त्याची टर उडवली: झोपेत असताना एखाद्याला जहाजावर आणून टाकलं, आता उतरायचं तर समुद्रात उडी, आणि म्हणायचं काय, तर हा राजीखुशीने जहाजावर आहे! अमेरिकी लेखिका आयन रँड यांनी १९६४ मध्ये सुचवलं की कर सक्तीचा नको. करार मोडला तर कोर्टाचं संरक्षण ज्याला हवं त्याने करार करतानाच फी भरावी, नको त्याने भरू नये. अमेरिकी तत्त्वज्ञ नॉझिकने १९७४ मध्ये मांडलं की संरक्षण देणाऱ्या खाजगी संस्थांतूनच, कोणाचा हक्क न तुडवता, एक छोटं राज्य आपोआप उभं राहू शकतं, फक्त ज्यांना स्वतःचा न्याय स्वतः करायला मनाई केली त्यांना भरपाई द्यावी लागेल. हे डोकेबाज लोक होते. पण रँडबाईंच्या योजनेत रोजाने धान कापायला जाणारी बाई कुठल्या कराराची फी भरणार? तिचा रोज बुडवला तर तो तोंडी करार. तोंडी कराराचा दाखला कुठे काढायचा?

तुला परदेशीच नावं माहीत दिसतात, म्हणून घरची दोन सांगतो. सेवाग्रामच्या म्हाताऱ्याने राज्यसंस्थेला एकवटलेली, संघटित हिंसा म्हटलं होतं; ते १९३४ मध्ये निर्मलकुमार बोस यांच्याशी बोलताना. पवनारच्या बाबाने तर हाच प्रश्न पायी तुडवला. जमीन वाटायचे तीन मार्ग, विनोबा म्हणायचे: कत्ल, कानून आणि करुणा. त्यांना तिसरा हवा होता. हिंसाशक्तीच्या विरोधी आणि दंडशक्तीहून वेगळी अशी तिसरी शक्ती, हे त्यांचेच शब्द. १८ एप्रिल १९५१ ला पोचमपल्लीला पहिलं भूदान मिळालं, आणि मग लाखो एकर मिळत गेलं. ते बळाशिवाय मिळालं यात शंका नाही. पण दिलेल्या जमिनीत खडक-मुरूम किती होता ते वाटप करणाऱ्यांना विचार. शिवाय दानपत्र झाल्यावर ताबा मिळवून द्यायला शेवटी तलाठीच लागला. करुणेने दिलेली जमीन राखायला कानून लागला.

मग मी चालताना पाहिलेलं सरकार कोणतं? गडचिरोलीत धानोरा तालुक्यातलं मेंढा-लेखा. जेमतेम चार-पाचशे वस्तीचं गोंड गाव. "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही घोषणा तू ऐकली असशील. नोकरीतल्या माणसाला ती जरा झोंबते, मलाही झोंबली होती. पहिल्यांदा गेलो तेव्हा मनात होतं, बघू यांचं सरकार. तिथे ग्रामसभेत बहुमत चालत नाही, सर्वसहमती लागते. एक जण जरी "मले नाही पटत" म्हणाला तरी विषय पुढच्या बैठकीवर. आमच्या ग्रामसभा मला आठवतात: कोरम नाही म्हणून तहकूब, मग तहकूब सभेला कोरम लागत नाही म्हणून त्याच दिवशी अर्ध्या तासाने पुन्हा सभा, आणि सह्या घरोघरी फिरून. इकडे हे लोक एका मुद्द्यावर महिना-महिना बसतात.

तत्त्वाने पाहिलं तर हेच तुला हवं असलेलं सरकार. ज्याच्यावर नियम लागणार त्या प्रत्येकाला तो अडवता येतो, म्हणून अडवला नाही तर संमती खरी. ह्यूमचा झोपलेला माणूस इथे जागा आहे आणि सुकाणूवर त्याचाही हात आहे. मी त्या दिवशी मनातल्या मनात हार मानली.

पण पुढचं ऐक. २००९ मध्ये या गावाला अठराशे हेक्टरवर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. दिला कोणी? २००६ च्या वनहक्क कायद्याने, म्हणजे दिल्लीच्या बहुमताच्या सरकारने. हक्क मिळाला, बांबूही गावाचा झाला, तरी तो गावाबाहेर नेता येईना, कारण वाहतुकीचा परवाना वनखात्याच्या हातात. कायद्याने बांबू गौण वनोपज ठरवला, खातं मात्र त्याला झाडच समजत राहिलं. शेवटी २७ एप्रिल २०११ ला केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. गावातलं सहमतीचं सरकार नाक्यापर्यंत चाललं. नाक्यावर दुसऱ्या सरकारचा बांबू आडवा होता, तो उचलायला तिसऱ्याला यावं लागलं.

शिवेवरचा दुसरा प्रश्न शेजारच्या गावाचा. जंगल राखणारी गावं पाळीपाळीने गस्त घालतात, चोरटी तोड दिसली तर कुऱ्हाड ठेवून घेतात, दंड लावतात. शेजारच्या गावचा माणूस म्हणतो, माझा बाप इथूनच जळणाचे फाटे नेत होता, तुमच्या बैठकीत मला कोणी विचारलं? त्याच्यापुरतं ते सहमतीचं सरकार नाही, कुऱ्हाड हिसकावणारं सरकार आहे. सहमती नेहमी आत बसलेल्यांची असते.

इथवर तू म्हणशील, ठीक आहे, शिवेवर थोडं बळ लागलं, पण आत तरी निर्मळ. आत काय होतं ते सांगतो.

माझ्या नोकरीतल्या एका गावात, नाव सांगत नाही, एका कुटुंबाने गावाच्या मर्जीविरुद्ध साक्ष दिली. गावाने ठराव वगैरे काही केला नाही. दुसऱ्या दिवसापासून दुकानदाराने मीठ द्यायचं बंद केलं. चक्कीवाल्याने दळण परत केलं. रोवणीला त्यांच्या बांधीत एकही बाई उतरली नाही, आणि त्यांना कोणी मजुरीला बोलावलं नाही. म्हातारी वारली तेव्हा तिरडीला खांदा द्यायला बाहेरगावचे चार पाहुणे आले. यात कोणी हात उगारला? कोणीच नाही. दुकानदाराचा माल त्याचा, विकायचा की नाही हे तो ठरवणार. चक्की त्याची. मजूर आपल्या मर्जीचे मालक. तुझ्या तत्त्वाच्या तराजूत टाकलं तर गावाकडून काडीचंही बळ वापरलं गेलं नाही. आणि मी जेव्हा ठाण्यात फोन करून पोलीस आणवले, तेव्हा आधी बळ वापरणारा मी ठरलो.

आयुष्यात वापरलेल्या सरकारी बळापैकी ज्याची मला एक क्षणही लाज वाटली नाही, ते हे. तेव्हा सामाजिक बहिष्काराविरुद्ध वेगळा कायदा नव्हता. महाराष्ट्रात तो २०१६ मध्ये विधिमंडळाने केला.

इथे बाबासाहेब आठवल्याशिवाय राहत नाहीत. संविधान सभेत ४ नोव्हेंबर १९४८ ला त्यांनी खेड्याला अज्ञानाचं आणि कोत्या मनाचं डबकं म्हटलं, तेव्हा ग्रामस्वराज्यवाले दुखावले होते. गाव हाच घटक मानायला त्यांनी नकार दिला, व्यक्ती हा घटक मानला. त्यामागे महाडचा अनुभव होता. सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले असल्याचा ठराव मुंबईच्या कौन्सिलात १९२३ मध्ये झाला, महाडच्या नगरपालिकेने चवदार तळं खुलं केल्याचं १९२४ मध्ये जाहीरही केलं. तरी १९२७ मध्ये ओंजळभर पाण्यासाठी डोकी फुटली. ठरावामागे उभं राहणारं बळ नव्हतं. तळ्याभोवतीच्या लोकांच्या दृष्टीने ते आपलंच पाणी राखत होते, आगळीक पाणी पिणाऱ्यांनी केली. पुन्हा तोच धुरा.

म्हणून "सरकारने बळ वापरलं का" एवढ्यावर मी सरकारचं माप घेत नाही. बळ गावात आधीपासून असतंच. जातीचं, पाटीलकीचं, उधारीच्या वहीचं, नवऱ्याच्या हाताचं. सरकार नसलं तर ते नाहीसं होत नाही, फक्त त्याची पावती फाटत नाही. पावती हा शब्द मी वापरला, कारण माझ्या धंद्यातला फरक तोच आहे. मी सायकल नेली तर पंचनामा होतो, दोन साक्षीदार सही करतात, आणि तो माणूस माझ्याविरुद्ध वर अर्ज करू शकतो. चक्कीवाल्याविरुद्ध तो कुठे जाणार?

याचा अर्थ मी सरकारची वकिली करतोय असा नको घेऊस. पंचनामा झाला म्हणून सायकल नेणं योग्य ठरलं नाही. आणि मोठ्या सरकारचं काय सांगू? पवनीजवळ वैनगंगेवर गोसीखुर्द धरणाची कोनशिला राजीव गांधींनी २२ एप्रिल १९८८ ला बसवली. बुडालेल्या गावांतल्या लोकांनी काय आगळीक केली होती? लॉकवाले म्हणतात, पटत नसेल तर निघून जा, राहिलास म्हणजे संमती. इथे राहतो म्हणणाऱ्यालाच निघून जायला लावलं. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात खाजगी कंपनीसाठी जमीन घ्यायची तर ८० टक्के जमीनमालकांची संमती लागते, सरकार-खाजगी भागीदारी असेल तर ७० टक्के. सरकारला स्वतःच्या प्रकल्पासाठी हवी असेल तर मालकांच्या संमतीची अटच नाही. मला हे उलटं वाटतं. ज्याच्या हातात पोलीस आहेत त्यालाच जास्त विचारावं लागलं पाहिजे.

कराबद्दल मात्र तुला वाटतं तेवढं मला वाटत नाही, कारण ऐच्छिक वर्गणीही मी जवळून पाहिली आहे. भागवत सप्ताहाची वर्गणी गाव हसत देतं आणि घरपट्टीला रडतं, हे खरं. पण त्या हसण्यामागे लाउडस्पीकर असतो. "अमुक यांचेकडून एकशे एक" म्हणून नावं पुकारली जातात, आणि ज्याचं नाव आलं नाही त्याच्या घरात बायको त्या रात्री नीट जेवत नाही. पाणीयोजनेत दहा टक्के लोकवर्गणी घ्यायची पद्धत आली तेव्हा बऱ्याच ठिकाणी ती ठेकेदारानेच भरली. कागदावर संपूर्ण गाव राजीखुशीने सहभागी!

घरपट्टी स्वखुशीने येते ती एकाच मोसमात. थकबाकीदाराला पंचायतीची निवडणूक लढवता येत नाही, त्यामुळे उमेदवारी अर्जाच्या आठवड्यात पिढ्यान्‌पिढ्यांचे थकबाकीदार रांगेत उभे राहतात. बाकीच्यांकडून आम्ही दाखले अडवून वसूल करायचो. रहिवासी दाखला हवा? आधी घरपट्टी. जप्तीपेक्षा हे सभ्य दिसतं. मला ते जप्तीहून वाईट वाटतं, कारण त्यात पंचनामा नाही, साक्षीदार नाही, आणि अडकतं ते नेमकं गरिबाचं पोरगं, ज्याला शाळेच्या फीसाठी दाखला हवा असतो.

दारूचं उदाहरण टाळत होतो, कारण त्यावर माझं मत अजून पक्कं नाही. मतदार यादीतल्या निम्म्याहून जास्त बायकांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला की गावातलं दुकान बंद. दुकानदाराने कोणाला मारलं नाही, पिणाऱ्याने स्वतःच्या पैशाने प्याली. तरी मत देऊन परतणाऱ्या त्या बायकांच्या हातावरचे वळ मी पाहिले आहेत. त्यांच्या हिशेबी आधी हात कोणाचा होता हे त्यांना विचारायची गरज नव्हती. पण तोच न्याय २०१५ मध्ये सगळ्या चंद्रपूर जिल्ह्याला लावला, तेव्हा चोरटी दारू दारोदार आली, आणि २०२१ मध्ये बंदी उठली. एका गावाच्या बायकांनी तोंडओळखीच्या दुकानाला लावलेला नियम आणि मुंबईतून जिल्ह्याला लागलेला नियम यांत नैतिक फरक आहे असं मला वाटतं. किती, हे मला मांडता येत नाही.

तर तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं माझं उत्तर असं. ज्याच्यावर बळ वापरलं त्याला "का?" विचारता यावं, विचारल्यावर उत्तर द्यावं लागावं, आणि उत्तर नसेल तर सायकल परत करावी लागावी. जिथे हे होतं तिथल्या बळाला मी समर्थनीय म्हणेन, मग ते आधी वापरलेलं का असेना. जिथे होत नाही, तिथे पहिला हात सरकारचा नसला तरी मला फरक पडत नाही. मेंढा-लेखात ते विचारणं आधी होतं, म्हणून तिथे बळ फारसं लागत नाही. आमच्याकडे ते नंतर होतं, तेही रात्री, पोळ्याच्या आदल्या दिवशी, गुपचूप.

शेवटी विचारलं आहेस, मी स्वतः कर भरतो का. शेवटच्या बदलीच्या गावातच घर बांधलं, तिथे घरपट्टी यंदाही मार्चमध्ये भरली. पाणीपट्टी अडवून धरली आहे, कारण आमच्या टोलीवरचा नळ फेब्रुवारीपासून कोरडा आहे. आताचा ग्रामसेवक तरणा पोरगा, गुणी आहे. नोटीस घेऊन आला तेव्हा लाजत म्हणाला, "काका, जप्तीचा जुना नमुना ऑफिसात सापडला, तुमच्याच सहीचा. तोच भरू काय?" म्हटलं, भर बाप्पा, पण आधी टाकीपासून इथवर लाइन चालत पाहून ये. चप्पल घालून तो निघाला, मी त्याच्या मागे निघालो.